माळ्यावरचं पुरणयंत्र

मी अशा गोष्टी मानणारा नव्हे. सोसायटीत कुणाच्या अंगात आलं, तर मी आधी बीपी मोजायला सांगतो. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... आणि लाज फक्त तेवढ्याचीच नाही.

नोएडात आम्ही दोघंच, मी आणि बायको सुलभा. माझ्या बायपासला महिना-दीड महिना झाला होता. छातीचं मधलं हाड कापून तारांनी बांधलेलं. ते जुळेपर्यंत जड उचलायचं नाही, खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. होळीच्या दिवशी सुलभा कटाच्या आमटीला फोडणी देऊन दूध आणायला खाली गेली. डाळ गार झाली की वाटताना दमवते. म्हटलं, डॉक्टर ‘उचलू नका’ म्हणाले, ‘फिरवू नका’ कुठे म्हणाले? पुरणयंत्राचा दांडा धरून जोर लावला. अर्धं पुरण झालं आणि छातीत — कट्ट!

सुलभा परतली तेव्हा मी उशी कवटाळून बसलो होतो. “तुझ्या फोडणीचा ठसका लागला,” म्हणालो.

हाड सुटलं होतं. छाती पुन्हा उघडून नव्या तारा आणि पट्ट्या घालाव्या लागल्या.

“अंकल, तकिया नहीं पकड़ा था?” घरी सोडताना सर्जननी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सुलभा म्हणाली, “मेरी गलती है डॉक्टर साहब, छौंक मैंने लगाया था.”

मी मान डोलावली.

घरी आल्यावर लोक भेटायला यायचे. मी ठसक्याची गोष्ट सांगितली, की स्वयंपाकघरातल्या माळ्यावरून आवाज यायचा — कट्ट. अगदी तोच. पुरणयंत्र तिथेच असायचं. फरीदाबादहून माझी बहीण आली, तीही दचकली.

“दादा, काय पडलं रे?”

“उंदीर असेल.”

कट्ट!

ठसका नको म्हणून सुलभाने फोडणीच बंद केली होती. ते फिकं वरण माझ्या घशाखाली उतरेना. शेवटी एका दुपारी जेवताना तिला सगळं सांगून टाकलं. वर म्हटलं, “ते यंत्र आधी माळ्यावरून काढ, यार. छळतंय मला.”

तिचा हात ताटातच थांबला. “माळ्यावर कुठलं यंत्र? तुम्ही पुन्हा ॲडमिट झालात त्याच आठवड्यात मी ते इथल्या मराठी मंडळाला देऊन टाकलं. धुताना आत अर्धं पुरण अडकलेलं दिसलं... तेव्हाच कळलं मला.”

“मग डॉक्टरांना तसं का सांगितलंस?”

“चार लोकांत तुमची मान खाली गेली असती.”

तिने स्टुलावर चढून दाखवलं. माळ्यावर दोन रिकामे डबे होते, बस्स.

त्यानंतर आवाज आला नाही. बहिणीलाही ऐकू आलेला तो आवाज कशाचा होता, मला आजही सांगता येत नाही. आता कुणी विचारलं की मी खरं काय ते सांगतो. सुलभा मात्र तेवढ्यात पाणी आणायला म्हणून उठून आत जाते.