उरेब लाकूड

माझे साडू मला फारसे माहीत नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे आम्ही, एकाच गल्लीच्या दोन टोकांना राहणारे, तरी शेवटपर्यंत एकमेकांना अहो-जाहोच करत राहिलो. त्यांना झोप कशी लागायची, कशाची भीती वाटायची, यातलं मला काही सांगता येणार नाही. मी शिंपी. माणूस समोर आला की छाती, कंबर, खांदा एवढंच लक्षात राहतं. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता, एवढं मात्र नक्की. लिहायची मला सवय नाही. पण मेहुणी म्हणाली, लाकडाच्या वेळी तुम्हीच होतात, तुम्हीच लिहा. म्हणून बसलो.

साडूंची बेकरी होती, लाकडाच्या भट्टीची. गल्लीत त्यांना सगळे भिंगरी म्हणत, तोंडावरसुद्धा. एका जागी उभं राहणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चहा घेतला की कप हातात धरून भट्टी ते दुकान अशा फेऱ्या चालायच्या, आणि अर्धा राहिलेला कप नंतर पिठाच्या पोत्यावर सापडायचा. माझ्याकडे शर्टाच्या मापाला आले की बाहीचं माप दर वेळी वेगळं यायचं. जरा हलू नका म्हटलं तर म्हणायचे, "न हलणारं माप मेल्यावर घ्या, साडूबुवा."

त्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना कुऱ्हाड हातात घ्यायची नाही असं बजावलं. छातीचं दुखणं होतं. मुलगी दुसऱ्या गावी राहायची, तिनं आईवडिलांसाठी एक खोली रंगवून तयार ठेवली होती. मेहुणीनं मनाशी ठरवून टाकलं की परसातलं सुकं लाकूड थंडी संपेपर्यंत पुरेल, ते संपलं की भट्टी विझवायची आणि लेकीकडे जायचं. साडू यावर हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते. ते गप्प राहिले, तोच तिनं होकार धरला.

आणि मग वखारवाल्याचा निरोप आला. विजेच्या तारांना लागतात म्हणून रस्त्याकडेची निलगिरीची रांग पाडली होती. ओंडके तसेच पडलेत, न फोडलेले, ओले, पण स्वस्त. जागा अडलीय, लवकर बघून जा.

ओल्या लाकडाचं एक असतं. ते या वर्षी जळत नाही, नुसतं धुमसतं आणि पावाला धूर लागतो. आज फोडून वाऱ्याला रचून ठेवलं तर ते पुढच्या वर्षी कामाला येतं. म्हणजे ओलं लाकूड घ्यायला निघालेला माणूस पुढच्या वर्षाचं बोलत असतो. मेहुणीला हे माझ्याआधी कळलं. ती पिठाच्या हातांनीच माझ्या दुकानात आली.

"भावोजी, ते वखारीकडे निघालेत. तुम्ही बरोबर जा आणि नको म्हणा. माझं कोण ऐकतंय? तुम्ही परके, तुमचं ऐकतील."

परके हा शब्द मला जरा लागला, पण खोटा नव्हता. काज करायचं अर्धं टाकून मी उठलो. खडू खिशातच राहिला.

साडू पुढे आणि मी मागे जवळजवळ पळत. खांद्यावर कुऱ्हाड होतीच. वळणावर त्यांनी मागे न बघता विचारलं, तिनं पाठवलं ना? मी म्हटलं, छे, जरा वारा खायला निघालो. वखारीत का, असं म्हणून ते आणखी भरभर चालू लागले.

वखारीत शिरल्याबरोबर सर्दीच्या मलमासारखा वास नाकात भरला. एका कोपऱ्यात ओंडक्यांचा ढीग, माझ्या डोक्यापेक्षा उंच. वखारवाला एक पाय मोडलेल्या खुर्चीत, विटेच्या टेकूवर, आरामात बसला होता. त्यानं आल्या आल्या त्याचा नियम ऐकवला: बघा, हात लावा, वास घ्या, काय हवं ते करा, पण कुऱ्हाड लागली की माल तुमचा. यावरून पूर्वी भांडणं झाली होती म्हणे. लोक यायचे, दोन-चार ओंडके फोडून बघायचे आणि तोंड वाकडं करून निघून जायचे.

मग तो मालाचं कौतुक सांगू लागला. तोंडाला भेगा पडल्यात बघा, उन्हानं निम्मं सुकलंच आहे.

"तोंड सुकलं म्हणून पोट सुकत नाही," साडू म्हणाले.

"तुमच्यापेक्षा तरी बरं सुकलंय, शेठ."

साडू हसले नाहीत. ते ढिगावर चढले होते. कुऱ्हाडीची उलटी बाजू ओंडक्यावर आपटायचे, कान लावायचे, पुढच्या ओंडक्यावर उडी. सुकं लाकूड टणकन वाजतं. इथे प्रत्येक ठिकाणी धप्प, भिजलेल्या गादीसारखं. मग नखानं साल उचकटून बघ, उचलून वजन बघ, पुन्हा खाली टाक. मला खालून बघूनच धाप लागत होती. नको म्हणायचं वाक्य मी तोंडात जुळवत होतो, घरी असं म्हणतात की वगैरे, तेवढ्यात ते म्हणाले, वर या.

मी चढलो, कसाबसा. ते म्हणाले, ओलं आहे हे तर आंधळाही सांगेल. प्रश्न वेगळाच आहे, हे फुटेल का? निलगिरी ओली असतानाच फोडावी लागते. न फोडता सुकली की लोखंड होते. आणि त्यातलंही काही लाकूड असं असतं की ओलं असूनही कुऱ्हाड गिळून बसतं, माणूस मोडतो पण ते फुटत नाही. यातलं कुठलं तसलं, ते बाहेरून ओळखता येत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी नेहमी फोडलेलंच लाकूड घेतलं होतं, घरी कुऱ्हाड लागायची ती फक्त ते बारीक करायला.

मी टेकलो होतो त्या ओंडक्याची साल निघालेली होती. त्याच्या अंगावरच्या बारीक भेगांवर माझं बोट आपोआप फिरलं, कापडावर फिरतं तसं. भेगा सरळ जात नव्हत्या. स्क्रूच्या आट्यांसारख्या तिरक्या फिरत वर जात होत्या.

"हे उरेब आहे," मी म्हणालो.

"काय आहे?"

मी ओशाळलो. आमचा धंद्यातला शब्द, सवयीनं तोंडातून गेला. सांगितलं, की कापडाचा धागा सरळ धरून कापलं तर ते ऐकतं. तिरकं कापलं की उरेब. ते ओढलं जातं, पिळतं, कात्रीखाली सरकतं. त्यांनी त्या भेगेत नख घातलं आणि ती जाईल तसं नख फिरवत ओंडक्याच्या पार पलीकडे गेले. परत आले तेव्हा चेहरा बदलला होता. म्हणाले, कुऱ्हाड गिळतं ते हेच. शेजारच्या ओंडक्यावर थाप मारली.

"हे?"

"सरळ."

"आणि हे?"

"उरेब."

मग आम्ही दोघं ढीगभर फिरलो. साल असेल तिथं ते सोलायचे, मी बोट फिरवायचो आणि उरेब असेल त्यावर खिशातल्या खडूनं फुली मारायचो. खालून वखारवाला ओरडला, निवडून घ्यायला ही काय भाजी आहे? साडू म्हणाले, फुलीवाले तुम्हालाच ठेवा, टेकूला वीट तरी लागणार नाही.

खडू संपत आला तेव्हा मला आठवलं की मी इथे कशासाठी आलो होतो. तसाच फुलीवर हात ठेवून म्हणालो, "तिनं नको म्हणायला सांगितलंय."

साडू थांबले. मी त्यांना असं थांबलेलं पहिल्यांदाच बघत होतो.

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मला लाकडातलं काही कळत नाही."

"लाकडाचं नाही विचारलं."

ते कुऱ्हाडीच्या दांड्यावर अंगठा घासत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोली चांगली आहे तिकडची. मी जाऊन बसून आलोय. पण सकाळी उठून करायचं काय, ते कुणीच सांगत नाही."

एवढं म्हणून ते खाली उतरले. मी उतरेपर्यंत त्यांनी एक सरळ ओंडका उभा केला होता आणि कुऱ्हाड वर गेली होती. एकच घाव. ओंडका दोन्हीकडे पडला, आत ओला, गुलाबी, भिजलेल्या साबणासारखा चकाकणारा.

"लागली," वखारवाला खुर्चीतून म्हणाला.

"लागली," साडू म्हणाले, आणि त्याच ओंडक्याच्या अर्ध्यावर बसले. छातीवर हात होता, पण चेहरा खुशीत होता.

गाडी दारात आली तेव्हा मेहुणी उंबऱ्यात उभी होती. तिनं आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भावोजी, तुम्हाला नको म्हणायला पाठवलं होतं."

"म्हटलं मी."

"म्हटलं त्यांनी," साडू म्हणाले. "पण आधी उरेब-उरेब करत बसले, नको म्हणेपर्यंत उशीर झाला."

तिनं तो फोडलेला अर्धा उचलला, नाकाशी नेला. ओलं आहे, म्हणाली. ओलंच आहे, साडू म्हणाले. मला चपला घालून निघून जावंसं वाटत होतं, पण चपला पायातच होत्या. मग ती म्हणाली, भिंतीला लावू नका, वारा लागत नाही, कुंपणाकडे रचा. आणि खाली घालायला जुन्या फळ्या आणायला आत गेली. लेकीला तिनं काय कळवलं ते मला माहीत नाही.

बाकीचं लाकूड कणीक मळणाऱ्या गड्यानं फोडलं. साडू त्याच्याभोवती फिरत, इथे मार, तिथे नको, असं करून त्याला भंडावून सोडायचे. मी दुपारी दुकान बंद करून रचायला जायचो, साल वरच्या बाजूला, मधे फट ठेवून.

थंडी सरायच्या आत साडू गेले, झोपेतच. लेक आईला न्यायला आली. मेहुणी परसात गेली, राशीतले दोन तुकडे काढून एकमेकांवर आपटले, ऐकलं आणि परत येऊन म्हणाली, अजून वाजत नाही, वाजेल तेव्हा बघू. आता वाजतं. गडी भट्टी पेटवतो, ती दुकानात बसते. लेकीचा फोन आला की सांगते, लाकूड आहे अजून.

आमचं शेवटचं बोलणं लिहायचं राहिलं. ते काही विशेष नव्हतं. संध्याकाळी मी हात झटकून निघालो होतो आणि ते राशीभोवती फेऱ्या मारत होते.

"साडूबुवा, रास उरेब झालीय का हो?"

"किंचित."

"बरं, उद्या बघू. जाताना दार ओढून घ्या. जरा वर उचलून ओढा, अडकतं ते."

"ओढतो," मी म्हणालो.