खरं भाडं सांगणारी बाई

कराडला नोकरी लागली तेव्हा मी मोबाइलवर फ्लॅट शोधला. जाहिरातीत भाडं आठ हजार होतं, पण प्रत्यक्ष गेल्यावर मालक बारा म्हणाले. मी हिरमुसून जिना उतरले. खाली एक बाई कपड्यांना इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री उभी ठेवली आणि विचारलं, "किती सांगितलं?"

"बारा."

"शेजारचे नऊ देत्यात. तेवढंच बोला."

मागून मालक उतरत होते. "तुला कुणी विचारलं?" ते खेकसले.

"आवं, पोरगी परगावची हाय. खरं भाडं तिला कोण सांगणार?"

मालक इस्त्रीला दिलेले आपले कपडे उचलून निघून गेले. अनोळखी मुलीसाठी रोजचं गिऱ्हाईक घालवणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. बाईंनी शांतपणे दुसरा सदरा पसरला आणि त्यावर पाणी शिंपडलं.