सीडी प्लेअरची घरघर

बाबांना कानाचं मशीन लावलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सीडी प्लेअर मधेच बंद केला आणि मला हाक मारली.

"ह्यो आवाज कसलो गो?"

"कुठला?"

"प्लेअरचो. घरघरता बघ."

मला बघायची गरजच नव्हती. आमच्या नाहूरच्या घरात ती घरघर सगळ्यांच्या ओळखीची होती. बाबा गिरणीत मागाच्या खात्यात फिटर होते. तिथल्या खडखडाटात कान गेले. नंतर ते प्लेअरचा आवाज चढवून भजनं ऐकायचे आणि खूश असायचे. मग कोण कशाला सांगेल?

"पाच-सहा वर्षं झाली असतील त्याला," मी म्हटलं.

ते आईकडे वळले. "तुका म्हायत होता?"

आई मेथी निवडत होती. "तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. मी कशाला मधे बोलू?"

बाबा थोडे ओशाळले. नवा प्लेअर घेऊ या म्हटलं, तर ऐकेनात. बिघाड काय ते कळल्याशिवाय वस्तू टाकायची नाही, हा त्यांचा जुना हट्ट.

त्यांनी कानाचं मशीन काढून डबीत ठेवलं आणि लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. त्याचं टोक प्लेअरच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला. गिरणीत बेअरिंग असंच तपासायचे म्हणे. थरथर हाडाला जाणवते, त्याला कान धड असावे लागत नाहीत. मी एकामागून एक सीडी लावत गेले आणि ते बोटाने कमी-जास्त दाखवत राहिले. दुकानातून आणलेल्या सीड्यांना नुसती गुणगुण होती. त्यांच्या भजनी मंडळाची सीडी लावली, की अख्खं झाकण थरथरायचं.

ती सीडी मंडळातल्याच एकाने करून सगळ्यांना वाटली होती. वर गोल कागदी लेबल, त्यावर बारा जणांचा फोटो. लेबल जरासं एका बाजूला सरकून चिकटलं होतं. चकती जोरात फिरली की तोल जायचा.

बाबांनी नखाने लेबल उचकटायला घेतलं. मी त्यांचा हात धरला. "बाबा, थांबा. गाणी त्या लेबलच्या खालच्याच थरात आहेत. कागदाबरोबर तीही निघतील."

जुन्या कॉम्प्युटरवर मी कोऱ्या सीडीवर नक्कल काढली. नाव मार्करने लिहिलं, कागद काही चिकटवला नाही. बारा जणांचा फोटो शाबूत राहिला, कव्हरमध्ये परत गेला.

नक्कल लावली, तर थरथर गेली. उरली गुणगुण. बाबांनी प्लेअर दोन्ही हातांनी शोकेसवरून उचलून धरला, तर तीही निम्मी झाली. प्लायवूडचं पोकळ शोकेसच आवाज वाढवत होतं. किचनच्या ओट्याचा उरलेला कडप्प्याचा तुकडा गॅलरीत पडून होता. तो धुऊन शोकेसवर ठेवला. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार चौकोन कापून प्लेअरच्या पायांखाली दिले. प्लग काढून झाकणाचे स्क्रूही आवळले. दोन ढिले निघाले.

बाबांनी कानाचं मशीन पुन्हा लावलं आणि खुर्चीत बसले. मंडळाचा गजर सुरू झाला. सीडी फिरतेय हे आता प्लेअरजवळ कान नेला तरच कळत होतं. त्यांनी आवाज कमी केला, मग आणखी कमी केला. आमच्या घरात एवढ्या हळू भजन कधी वाजलंच नव्हतं.

तिसऱ्या भजनात त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"झांज चुकता हा," ते म्हणाले. "द्रुत लागल्यावर मागे पडता."

मी कान देऊन ऐकलं. खरंच मागे पडत होती. "झांजेवर कोण होतं?"

"मीच," बाबा म्हणाले, आणि खांदे हलेपर्यंत हसले. मग तेच भजन त्यांनी पहिल्यापासून लावलं आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला, या वेळी बरोबर.