साळवेकाकांना आमचं सडेतोड उत्तर

चहा आधी घ्या. कारण मी जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुमच्यापैकी कोणी माझ्या घरी पुन्हा गाणं ऐकायला येईल असं मला वाटत नाही.

मी द्राक्षवाला माणूस. बाग दिंडोरीला, राहायला नाशकात गंगापूर रोडला. द्राक्षवाल्याचा आणि वॉल्ट्झचा, म्हणजे त्या जोडीने गिरक्या घ्यायच्या विलायती नाचाचा, संबंध काय, असं तुम्ही विचाराल. विचारा. सगळेच विचारतात! माझे सासरे तर अजून लोकांना सांगतात की परदेशात माल पाठवता पाठवता जावयाला हे लागलं.

खरं कारण साळवेकाका. काका रेल्वेत गार्ड होते, उभी नोकरी मनमाडला. तिथल्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये तरुणपणी ते आणि काकू वॉल्ट्झ नाचायचे. रिटायर झाल्यावर आमच्या बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये आले. काकू गेल्यावर काकांनी स्वतः नाचणं सोडलं, पण शिकवणं नाही सोडलं. मला आणि सुरेखाला, म्हणजे माझ्या बायकोला, त्यांनीच गच्चीवर शिकवलं. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. एकवर वजन, दोन-तीन हलके.

"दिलीपराव, चिखल तुडवताय का? पाय उचला!"

असा माणूस. आणि त्याच माणसाला मी पेपरात काय काय म्हणालो, ते ऐका.

आमचा एक छोटा ग्रुप आहे. मी, सुरेखा, दातांचे डॉक्टर निकम, बँकेतल्या वंदनाताई आणि काका. रविवारी सकाळी माझ्या घरी जमायचं, मिसळ मागवायची आणि गाणं ऐकायचं. माझ्याच घरी का? कारण मोठा स्पीकर माझा. मोबाईल माझा. आणि ठासून मत द्यायची हौसही माझीच.

मतावरून आठवलं. टीकेचा उपयोग होतो यावर माझा ठाम विश्वास होता. आमचे एक द्राक्ष सल्लागार आहेत, मोबाईलवर व्हिडिओ टाकतात. माणूस हुशार, पण बोलणं इतकं हळू की "शेतकरी मित्रांनो" म्हणेपर्यंत फवारणीची वेळ टळून जायची. मी एके दिवशी बागेतच वैतागून खाली कमेंट टाकली, "सर, जरा भरभर बोला." आणि काय सांगू! पुढच्या व्हिडिओपासून सर एकदम सुधारले. धडाधड बोलायला लागले. मी पुन्हा कमेंट टाकली, "सर, बदलाबद्दल आभार." सरांनी उत्तरात नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. मी म्हटलं, विनय आहे.

तर, आमच्या ओळखीचे जोसेफ सर. शरणपूर रोडला मुलांना व्हायोलिन शिकवतात. साठी उलटल्यावर त्यांनी स्वतः रचलेल्या वॉल्ट्झचा अल्बम काढला. आठ वॉल्ट्झ, अठ्ठेचाळीस मिनिटं, त्याच व्हिडिओच्या ॲपवर. नाशकात असं काही होतं का कधी? आम्हाला कोण आनंद!

रविवारी सगळे जमले. काका तेवढे आले नाहीत. म्हणाले, "मला पेपरच्या पुरवणीत यावर लिहायचंय. मी एकटा ऐकणार." आम्ही मात्र माझ्या मोबाईलवर अल्बम लावला, आणि काय ती गती! काय ती चपळाई! वंदनाताई बसल्या बसल्या डोलायला लागल्या. मिसळीची तर्री गार व्हायच्या आत अल्बम संपला.

"संपला पण?" डॉक्टर म्हणाले.

"रंगलं की वेळ कळत नाही, डॉक्टर," मी म्हणालो.

पुढच्या शुक्रवारी काकांचा लेख आला. मी बागेत उभ्या उभ्या वाचला. काकांनी लिहिलं होतं की सुरावट गोड आहे, वादन स्वच्छ आहे, पण चाल फार संथ. वॉल्ट्झ नाचण्यासाठी असतं, आणि इथे उचललेला पाय खाली ठेवायला मुहूर्त बघावा लागतो.

संथ? हे संथ?

मला भयंकर राग आला. जोसेफ सरांच्या आयुष्यातला पहिला अल्बम, आणि घरच्या माणसानेच असं लिहायचं! रविवारी ग्रुप जमला तो तापलेलाच. काका आले नाहीत, बरंच झालं. खात्री करायला आम्ही अल्बम पुन्हा ऐकला. या वेळी मी घड्याळ लावून बसलो.

डॉक्टर जरा चाचरत म्हणाले, "दिलीप, मी गाडीत ऐकला तेव्हा मलाही एवढी मजा नव्हती आली."

"तुमच्या गाडीचे स्पीकर बदला, डॉक्टर."

त्या बिचाऱ्याने खरंच बदलले!

आणि मग मी पेपरला पत्र लिहिलं. खाली सगळ्यांची नावं, पण शब्द न् शब्द माझा. त्यातला थोडासा भाग मला तोंडपाठ आहे, कारण नंतर काकांनी तो मला बऱ्याचदा म्हणून दाखवला. "समीक्षकांनी हा अल्बम बहुधा कानात बोळे घालून ऐकला असावा. अठ्ठेचाळीस मिनिटांचा हा अल्बम आम्हाला अर्ध्या तासाचा वाटला. इतकंच नव्हे, घड्याळ लावून पाहिलं तर खरोखरच जेमतेम अर्धा तास झाला होता! रंगणं म्हणतात ते याला. आम्ही पती-पत्नी या वॉल्ट्झवर रोज नाचतो."

हो. हे मी लिहिलं. पुरावा म्हणून लिहिलं!

शेवटचं वाक्य तर शुद्ध थाप होती. तोवर आम्ही एकदाही नाचलो नव्हतो.

पत्र छापून आलं त्याच दिवशी ग्रुपवर काकांचा मेसेज. "अभिनंदन. येत्या रविवारी जोसेफ सरांचा कार्यक्रम आहे. तिथे पहिल्या वॉल्ट्झवर नाचून दाखवा. जमलं तर मी माझा लेख जाहीरपणे मागे घेतो. नाही जमलं तर तुम्ही तुमचं पत्र."

जोसेफ सरांनी लगेच हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्यांना वाटलं, कार्यक्रमाची शोभा वाढतेय.

आता माघार कशी घेणार? डायनिंग टेबल भिंतीला लावलं आणि आमची प्रॅक्टिस सुरू झाली. तिसऱ्या मिनिटाला सुरेखा सोफ्यावर.

"अहो, हे वॉल्ट्झ आहे का झिम्मा?"

"काका याला संथ म्हणतात, सुरेखा. संथ!"

"त्यांना म्हणावं, एकदा माझे गुडघे लावून बघा."

पण माझी बायको जिद्दीची. दुसऱ्या दिवसापासून तिने ट्रॅकसूट घातला. चार दिवसांत आम्ही तयार. कुठे वळायचं, कुठे हात सोडायचा, शेवटच्या सुरावर कसं झुकून नमस्कार करायचा, सगळं पक्कं. मी तिला एकच सांगितलं होतं, काहीही झालं तरी थांबायचं नाही.

मध्ये एकदा लिफ्टमध्ये काका भेटले. मी तोंड फिरवलं. काका शांतपणे म्हणाले, "छान चाललंय. रोज ऐकू येतं छतातून." ज्यांनी मला पाय टाकायला शिकवलं, त्यांच्याशी मी तीन मजले एक शब्द बोललो नाही. आज आठवलं की लाज वाटते.

रविवार उजाडला. छोटासाच हॉल, शंभरेक माणसं. काका पहिल्या रांगेत, मनगटावर नोकरीतलं जुनं गार्डाचं घड्याळ. मी सूट घातलेला, सुरेखा मोरपंखी साडीत. जोसेफ सरांनी आमची ओळख करून दिली, व्हायोलिन खांद्यावर घेतलं आणि सुरुवात केली.

आम्ही सुटलो!

पहिल्या गिरकीतच मला कळलं, काहीतरी गडबड आहे. आमचे पाय तीनवर आणि व्हायोलिन अजून दोनवर. मला वाटलं, सर घाबरलेत. पहिलाच जाहीर कार्यक्रम, वय झालेलं, होतं असं. मी सुरेखाच्या कानात म्हणालो, "थांबू नकोस. सर येतील मागून."

सर काही येईनात. मग मी काय केलं माहितीये? नाचता नाचता, भर हॉलमध्ये, ज्या माणसाने ते वॉल्ट्झ रचलं त्यालाच हाताने खूण केली. उचला, सर, उचला! ट्रॅक्टर मागे घेताना बागेतला आमचा रामदास करतो ना, तश्शी!

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे वाजवत राहिले.

आमचं मात्र सगळं ठरल्याप्रमाणे झालं. वळणं झाली, हात सोडून झाले, आम्ही झुकून झोकात नमस्कार केला. चार मिनिटांत सगळं संपवलं. वॉल्ट्झ सहा मिनिटांचं होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हायोलिन चालूच. टाळ्या थांबल्या. व्हायोलिन चालूच! आम्ही दोघं मधोमध, धापा टाकत, हात जोडून उभे. कुठे बघावं कळेना. डॉक्टर निकम छताकडे बघत होते. वंदनाताई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

तेवढ्यात काका उठले. सावकाश चालत आले, सुरेखापुढे हात केला आणि म्हणाले, "चल बेटा, उरलेलं संपवू." आणि नाचले. काकू गेल्यानंतर पहिल्यांदा. एकवर वजन, दोन-तीन हलके, व्हायोलिनच्या बरोबरीने, एकही पाऊल इकडचं तिकडे नाही. मी सूट घालून कडेला उभा.

नाचून झाल्यावर काका माझ्याकडे आले. "मोबाईल द्या."

मी दिला. त्यांनी अल्बम लावला, कोपऱ्यातलं एक चिन्ह दाबलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरला. वेगाच्या यादीत एका आकड्यापुढे बरोबरची खूण होती. दीडपट!

"आजकाल वेग वाढवला तरी आवाज चिरका होत नाही," काका म्हणाले. "म्हणून कळत नाही. पण अठ्ठेचाळीस मिनिटांची गाडी अर्ध्या तासात स्टेशनात आली, तर गार्डाने अभिनंदनाचं पत्र नाही लिहायचं, दिलीपराव. चौकशी करायची."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तुमचं पत्र वाचलं तेव्हाच."

"मग सांगितलं का नाही?"

"माझ्या कानात बोळे होते ना," काका म्हणाले आणि चहा घ्यायला गेले.

घरी आल्यावर गुडघ्यांना तेल लावत सुरेखा एवढंच म्हणाली, "चार दिवस झिम्मा खेळवलात मला."

दुसऱ्या दिवशी बागेत गेलो, रामदासला गाठलं. रामदास म्हणजे आमच्या बागेचा मुकादम, पेठकडचा. त्याला विचारलं, "माझ्या मोबाईलला कोणी हात लावला होता का रे?"

"मीच लावला ना, दादा. तुम्हीच नाय का वैतागले होते, सर लय हळू बोलतो म्हणून? मंग मी दीडपट करून दिला. तुम्ही फवारणीच्या घाईत हो म्हणले."

मी मटकन बांधावर बसलो. म्हणजे सर सुधारलेच नव्हते! माझ्या टीकेने या जगात आजवर एकही माणूस सुधारला नव्हता. आणि ते प्रश्नचिन्ह विनयाचं नव्हतं.

पेपरला पत्र मागे घेतल्याची चिठ्ठी पाठवली. डॉक्टरांची माफी मागितली. ते म्हणाले, जाऊ दे, नवे स्पीकर चांगले आहेत. जोसेफ सरांना फोन केला. ते बिचारे म्हणाले, "तुमची खूण मला कळली नाही, दिलीपभाऊ. मला वाटलं, पंखा वाढवायला सांगताय."

राहिले काका. जिना उतरून जायचं धाडस होईना. शेवटी मी त्यांना मोबाईलवर आवाजाचा मेसेज पाठवला. मनापासून बोललो. गच्चीवरच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात केली, त्यांनी काय काय शिकवलं ते सांगितलं, काकूंची आठवण काढली, पत्रातल्या एकेका वाक्याची वेगळी माफी मागितली. अकरा मिनिटं झाली.

पाठवलं आणि मोबाईल हातात धरून बसलो. काकांनी ऐकलं की तिथे निळी खूण येते. ती पाचेक मिनिटांतच आली.

पाठोपाठ त्यांचं उत्तर आलं. ते मी अजून जपून ठेवलंय, हे बघा.

"माफी मंजूर. रविवारी मिसळीला येतो. तुमचा मेसेज दुप्पट वेगाने ऐकला. तरी चाल जरा संथच वाटली."