काळ्या कुत्र्याचा वाटा

आमच्या आळीत एक रीत होती. बकरं सोललं की गिऱ्हाइकाच्या आधी कुत्र्यांचा वाटा बाजूला निघायचा. नागझरी ओढ्याच्या काठाला खाटकांची दहा-बारा घरं, आणि कुत्री घरांच्या दुप्पट. खूर, आतड्याचे तुकडे, मानेची हाडं, जे कुणी विकत नेत नाही ते सगळं मागच्या दारी एका सपाट दगडावर टाकायचं. कच्चंच टाकायचं. शिजवलेलं हाड कुत्र्याच्या नरड्यात रुततं, हे आमच्याकडं रांगत्या पोरालाही ठाऊक. खंडेरायाचं जनावर आहे म्हणून घालायचं, असं सासू सांगायची. घाण उचलायला दुसरं कोण येणार आहे, असं माझे घरधनी म्हणायचे. दोघांचंही खरंच होतं.

मी मात्र घालत होते ते वेगळ्याच कारणानं. ते कारण मी जन्मभर कुणाला सांगितलं नाही. आता ज्यांच्यापासून लपवायचं तेच उरले नाहीत, तर कुणाची भीडभाड ठेवायची?

माझी तीन लेकरं गेली. एकानंही वर्ष पुरं केलं नाही. चौथ्या खेपेला मुलगा झाला, आणि तिसऱ्या महिन्यात त्यानंही दूध सोडलं. टाळू खोल गेली होती. रडायचंही थांबला होता. घरधनी वैद्याला आणायला गेले होते आणि मी मागच्या दारी त्याला मांडीवर घेऊन बसले होते. समोर त्या दगडापाशी कुत्र्यांची झोंबाझोंबी चाललेली. एक काळं कुत्रं तेवढं बाजूला बसून होतं. हाडाकडं बघत नव्हतं, माझ्याकडं बघत होतं. मला काय झालं कोण जाणे, मी त्याला म्हटलं, "जा, सांग तुझ्या धन्याला. हे एवढं जगू दे. त्याचं त्यालाच देते. वाघ्या करते."

वाघ्या करायचा म्हणजे पोर जेजुरीला नेऊन देवाच्या पायरीवर सोडायचं. मग ते देवाचं कुत्रं. गळ्यात भंडाऱ्याची पिशवी घालून दारोदार भुंकायचं, आणि भुईवर ठेवलेल्या लाकडी कोटंब्यात तोंड घालून खायचं. आईबापाचा त्याच्यावर हक्क उरत नाही, असं मी ऐकलेलं.

दिवस मावळायच्या आत पोरानं दूध ओढलं. मी आनंदानं रडले, आणि डोळे पुसून वर बघते तर काळं कुत्रं दगडावरचं हाड चघळत होतं.

नवस असा बोलून बसले खरी, पण देवळात नाही, गुरवासमोर नाही, नवऱ्यासमोर तर नाहीच. साक्षीला ते एकटं कुत्रं. मग दुसऱ्या दिवसापासून मी त्याला कलेजी घालू लागले. लाच म्हणा हवी तर. त्यानं गप्प बसावं म्हणून.

घरधनी चिडायचे. "अगं, गिऱ्हाईक कलेजीसाठी ताटकळतंय आणि तू कुत्र्याला वाढतेस? तुझ्या माहेरचा जहागीरदार लागून गेलाय का तो?"

"तसंच समजा," मी म्हणायची. एकादशीला सुरा बंद असायचा, तर आदल्या दिवशीची नळी मी त्याच्यासाठी राखून ठेवायची.

पोर वाढलं. बापासारखं आडव्या अंगाचं, दगडावर पडून पुढचा दात अर्धा तुटलेला, आणि हसणं असं की आळीच्या टोकाला ऐकू जावं. पाचव्या वर्षी न्यायचं ठरवलं होतं मी मनाशी. दर सोमवतीला जेजुरीची माणसं आमच्या वाटेनं जायची आणि दर सोमवतीला मी म्हणायची, पुढच्या खेपेला. कुणाला द्यायचं? ह्याला? माझ्या हातून होणं शक्य नव्हतं, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तो सात वर्षांचा असताना ते काळं कुत्रं ओढ्यात मरून पडलं. मी तोंडात पदर कोंबून हसले. होय, हसले. साक्षीदारच गेला, आता कोण विचारणार!

चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर दगडावर काळं कुत्रं. हे वेगळं होतं, तरणं होतं, एका पायाचं बोट पांढरं. पण बसणं तेच, आणि बघणंही तेच. मुकाट आत गेले आणि कलेजी कापून आणली.

पोराला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं, आईला कुत्र्याचा लळा. कुत्रं आलं की ओरडायचा, "आये, तुझा थोरला आला बघ!" मी लटकंच रागवायची, पण दर वेळी अंगावर काटा यायचा.

तो सतरा वर्षांचा झाला आणि उत्तरेच्या मोहिमेची गडबड सुरू झाली. लष्कराबरोबर बाजार जातो, बाजाराला खाटीक लागतात. घरधन्यांनी त्याचं नाव परस्पर सांगून टाकलं. पोरगं तर हरखून गेलं होतं.

त्या दिवशी माझ्या ओठांवर आलं होतं सगळं. हा देवाचा आहे, ह्याला जाता येणार नाही. एवढं बोलले असते तर घरधन्यांनी मला झोडपलं असतं, पण देवाचं पोर लष्कराला दिलं नसतं. त्यांची छातीच झाली नसती. पोर थांबलं असतं. मग मात्र त्याला जेजुरीला न्यावं लागलं असतं. मी दोन्ही तोलून बघितलं. लढाईवरून माणसं परत येतात, म्हटलं. देवाकडून कोण येतं? आणि गप्प बसले.

निघायच्या सकाळी तो म्हणाला, "आज मी घालतो तुझ्या थोरल्याला." त्यानं स्वतः कलेजी कापली आणि दगडावर ठेवली. कुत्र्यानं हुंगली. त्याचा हात चाटला. खाल्लं काही नाही.

"रुसला बघ," पोरगं हसलं. "मी आलो की खाईल." आणि गेला. कुत्रं त्याच्या मागोमाग आळीच्या वळणापर्यंत गेलेलं मी पाहिलं. ते परत आलं नाही. दगडावरची कलेजी दुपारी घारींनी नेली.

संक्रांत होऊन गेल्यावर उत्तरेत लष्कर बुडाल्याची बातमी आली. आळीत रोज कुठल्या तरी घरात हंबरडा फुटायचा. आमच्या घरी तेवढंही नाही. तो मेला असं सांगायलासुद्धा कुणी परत आलं नाही. घरधनी सरकारवाड्याच्या दारापर्यंत रोज विचारायला जायचे, मग दिवसाआड, मग जायचे थांबले, आणि दोन वर्षांत तेही गेले. सुरा मी हातात घेतला. वाटा रोज काढत होते. सुऱ्याला धार लावताना पाठीवर नजर जाणवायची. वळले की दगड मोकळा.

पुष्कळ वर्षांनी एका रविवारी मी तो दगड धूत होते आणि पुढच्या दारी कुणीतरी भुंकलं. माणसाचं भुंकणं. हातातला तांब्या टाकून मी धावले. "आले रे, आले!" असं ओरडत धावले. काय वाटलं मला, ते सांगत नाही.

दारात एक वाघ्या होता. तरणाबांड, दात सगळे धड. त्याच्या कोटंब्यात मी भाकरी कुस्करली, वर कालवण घातलं. तो चार पायांवर बसून खाऊ लागला. माझ्यानं राहवेना.

"तुझी आई आहे का रे?"

"आहे की. सासवडला."

"देवाला दिल्यावर काही उरत नाही म्हणतात."

तो वर बघून हसला. "कुणी सांगितलं? वर्षातनं दोनदा जातो मी. जेवू घालते. केस कशाला वाढवलेस म्हणून शिव्या घालते. निघताना रडते."

खाऊन झाल्यावर त्यानं माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि पुढच्या घरी जाऊन भुंकला. मग त्याच्या पुढच्या. आळीच्या टोकापर्यंत ते ऐकू येत होतं आणि मी उंबऱ्यावर बसून ऐकत होते. वर्षातनं दोनदा. तेवढा तरी आला असता माझा.