गावच्या जावयाचा फोन

बँकेतून रिटायर झाल्यापासून लोक मोबाइल माझ्यापुढे धरतात आणि विचारतात, हा नंबर मागतोय, सांगू का? बँकेतून बोलतोय म्हणतो, खरा असेल का? मी सरळ खेकसतो. फोनवर कोणालाही काही सांगायचं नाही, सख्ख्या भावालाही नाही. म्हातारा खडूस झालाय, असं माझ्या पाठीमागे म्हणतात. म्हणू देत. ही अक्कल मला ज्या बाईमुळे आली, तिला तिचा काडीचाही उपयोग झाला नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी शिरपूरच्या एका शाखेत क्लार्क होतो. गाव माझं भडगावकडचं, गिरणेच्या काठचं. आमच्याच गावची एक लेक शिरपूरला दिलेली होती. रक्ताचं नातं काही नाही, पण गावची थोरली बहीण म्हणून मी तिला अक्का म्हणायचो. तिचा नवरा नरडाण्याला एका कारखान्यात होता, तिथेच राहायचा आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. अक्का ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची आणि उरेल ते माझ्या शाखेत भरायची. थोरल्या मुलीला धुळ्याला नर्सिंगला घालायचं, या एकाच गोष्टीसाठी ते पैसे होते. नवऱ्याच्या कानावर हे जाता कामा नये, असं तिने खातं उघडतानाच मला बजावलं होतं. मी मान डोलावली होती.

तिचं पासबुक माझ्या टेबलाच्या खणात असायचं, कारण घरी ठेवलं तर सापडलं असतं. बाजाराच्या दिवशी ती भाजीच्या पिशवीतून पैसे आणायची, स्लिप भरायची, पासबुकातला आकडा दोनदा वाचायची आणि ते पुन्हा माझ्याकडे द्यायची. कागदाचा एक चिटोराही तिने कधी घरी नेला नाही. इतकी खबरदारी घेणारी खातेदार मी उभ्या नोकरीत दुसरी पाहिली नाही. तिची चूक एकच झाली, तिने मला आपला मानलं.

मुलगी बारावी पास झाली. धुळ्याच्या नर्सिंग कॉलेजात नाव लागलं, आणि फी भरायला आठवडाभराची मुदत होती. सोमवारी पैसे काढायला येते, असं अक्का सांगून गेली. नवऱ्याला म्हणे ती भावाकडून उसने आणल्याचं सांगणार होती.

त्याच आठवड्यात शाखेत फोन आला. मॅनेजरसाहेब जेवायला गेले होते. शिपायाने मला बोलावलं, तुमचे पाहुणे आहेत म्हणाला.

"मी तुमना गावना जवाई बोली ऱ्हायनू," पलीकडून अक्काच्या नवऱ्याचा आवाज आला.

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. फोनवर, ज्याला मी दिसतही नव्हतो त्याच्यासाठी. आमच्याकडे जावई एका घराचा नसतो, अख्ख्या गावाचा असतो. तो गावात आला की पारावरची म्हातारी माणसं सरकून जागा देतात, चहावाला त्याच्याकडून पैसे घेत नाही, आणि त्याला नाही म्हणणं म्हणजे गावाचं नाक कापणं. हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की त्यापुढे बँकेचा नियम कोण आठवतो.

तो फार गोड बोलला. आधी माझ्या आईची तब्येत विचारली, मग पोरीच्या ॲडमिशनचं काढलं. अक्कानेच तुम्हाला विचारायला सांगितलंय, म्हणाला. तिचे साठलेले पैसे फीला पुरतात का बघायचं, कमी पडत असतील तर वरचे मी घालतो. मला इतका आनंद झाला की काय सांगू. हा माणूस पोरीच्या शिक्षणाच्या आड येणारा नाही, अक्का उगीचच भीत होती, असं मी त्या एका मिनिटात ठरवूनही टाकलं. अक्काने खरंच सांगितलं असेल का, एवढं साधं डोक्यात आलं नाही. मी लेजर उघडून त्याला आकडा सांगितला. वर, पुढच्या महिन्यात व्याज जमा होईल, हेही सांगितलं. ते तर त्याने विचारलंही नव्हतं.

त्याला फक्त संशय होता. आकडा मी पुरवला.

सोमवारी अक्का आली, पण एकटी नाही. नवरा पुढे, ती मागे. तो माझ्याशी हसून बोलला, पैसे काढायची स्लिप त्यानेच भरली आणि सहीपुरती तिच्यापुढे सरकवली. तिने सही केली. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "बठ्ठं सांगी दिधं तू, भाऊ?"

सगळंच सांगून टाकलं होतं मी. मी स्लिप घेतली आणि तिची सही कार्डावरच्या सहीशी ताडून बघितली. एकेक अक्षर ताडून बघितलं. नियम पाळायला मला तेव्हा सवड मिळाली. सही तिचीच होती, पैसे तिच्याच खात्यातले होते, कायद्याने कुठेच खोट नव्हती. पोरीच्या फीची मुदत अजून आहे, थांबा, एवढं तरी मी त्याला म्हणू शकलो असतो. मी काय केलं? मी शिपायाला चहा आणायला पाठवलं. जावई आला होता ना.

त्या पैशांनी त्याने एका काळीपिवळी जीपमध्ये भागी घेतली. फीची मुदत टळली. पुढच्या उन्हाळ्यात पोरीचं लग्न लावून दिलं. मी आईला हे सगळं सांगितलं, तर तिलाही माझं काही चुकलंय असं वाटलं नाही. नवऱ्यापासून बायकोचं काय लपवायचं असतं, म्हणाली. शाखेतही कोणी ब्र काढला नाही. तक्रार करायला हवी होती ती एकच बाई होती, आणि तिने लग्नाची पत्रिका स्वतः येऊन मला दिली. मामा म्हणून मी पोरीला बोहल्यापर्यंत घेऊन गेलो. ती माझ्या पाया पडली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी आशीर्वाद दिला.

अक्काने माझ्या शाखेत पुन्हा पाऊल ठेवलं नाही. बाजारात भेटली की हसायची, बायकामुलांची चौकशी करायची. पाच-सहा वर्षांनी कळलं की तिची धाकटी मुलगी धुळ्याला नर्सिंगला गेलीय. मी मुद्दाम घरी गेलो. नवरा नव्हता. एवढी फी कुठून आणली, कोणत्या बँकेत साठवले, असं मी कौतुकाने, खरंच कौतुकानेच विचारलं.

अक्काने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. म्हणाली, "तुले नही सांगाव."