रिकाम्या टाकीला चारा

नातीचे पहिले मासे आठ दिवसांत मेले. परसात खड्डा खणून मीच ते पुरले. नवी काचेची टाकी आली तेव्हा बजावलं, पाणी कच्चं आहे, मुरल्याशिवाय मासे नकोत. विहिरीत मासे जगतात म्हणून तिथला शेवाळलेला दगड विरजणासारखा आत ठेवला आणि रोज चिमूटभर सुकट टाकू लागलो. पाणी गढुळलं, वास सुटला.

शेजारी हसला, "मासं न्हाईत, मंग चारा कुणाला, राव?"

"पाण्याला. घाण पचवणारं विरजण आधी वाढू दे."

मुलगा जुन्नरहून पिशवीत मासे घेऊन आला. मी त्याला तसंच माघारी धाडलं. नात रुसली, तरी हटलो नाही. सव्वा महिन्यानं वास गेला, पाणी नितळलं. अर्धं बदललं, मुलाकडून मासे पुन्हा आणवले आणि तिला म्हटलं, "आता सोड."

त्या वर्षी परसात खड्डा खणावा लागला नाही.